टाकीतलं विरजण

माशांच्या काचेच्या टाकीतलं पाणी इतकं नितळ आहे की पलीकडच्या भिंतीवरचा खिळाही दिसतो. तरी सगळे मासे वर येऊन हवेसाठी तोंडं उघडताहेत.

परवा फिल्टरचा स्पंज मीच नळाखाली खसाखसा धुतला. तपकिरी, बुळबुळीत झाला होता. सूनबाईनं कपाळाला हात लावला.

"बाबा, ती घाण नव्हती. त्यात चांगले जंतू असतात. माशांच्या घाणीचं विष तेच जिरवतात. तुम्ही विरजणाचं भांडंच घासून ठेवलंत!"

"जंतू आणि चांगले? उद्या म्हणशील, चोर राखण करतात."

ती हसली नाही. तिनं अर्धं पाणी बदललं, माशांचे दाणे बंद केले.

मी चौथीपर्यंत शिकलो, पण स्वच्छता मला कुणी शिकवू नये. घासून लख्ख केलं की झालं चांगलं, यावर माझा जन्म गेला. आता या नितळ पाण्याचीच भीती वाटते. आपल्याला जगवणारं असं काय काय घाण म्हणून धुतलं गेलं असेल, कोण जाणे.

शेजाऱ्यांकडेही माशांची टाकी आहे. काल दिवेलागणीला त्यांच्या दारात उभा राहिलो. आजवर कुणाकडे वाटीभर साखर मागितली नाही, तिथे घाण कशी मागू? म्हणालो, "विरजण हवंय. टाकीचं."

"या वेळेला विरजण देत नाहीत हो काका," शेजारीणबाई हसल्या आणि त्यांच्या मळक्या स्पंजचा तुकडा कापून दिला.

तो टाकीत सोडलाय. विरजण लागेपर्यंत भांडं हलवू नये, म्हणून हात मांडीखाली दाबून बसलोय. मासे अजून वरच आहेत.