अण्णांसाठी लाल दिवा

माझे वडील, अण्णा, चौलला वाडीतल्या घरी एकटेच राहतात आणि त्यांना ऐकू कमी येतं. आलेला माणूस फाटकाशी हाका मारून मारून परत जायचा. कानाचं यंत्र त्यांनी चार दिवस लावून कपाटात ठेवून दिलं. मी न्हावा शेव्याला नोकरीला. फाटकावर बटण दाबलं की घरात दिवा पेटेल असं काहीतरी आपणच करावं, असं माझ्या मनानं घेतलं आणि मी मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे सांगू ते काम करणाऱ्या इवल्याशा संगणकाचा, सगळ्यात स्वस्त संच मागवला.

खोक्यावर झकास रोबोट छापलेला होता. आत बिस्किटाएवढी हिरवी पट्टी, रंगीत तारांचा गुंता आणि चिनी भाषेतलं माहितीपत्रक. रविवारी चौलला जाऊन ओटीवर पसारा मांडला, पण लॅपटॉप त्या पट्टीला ओळखच देईना. दुपारभर मी स्वस्त मालाचा उद्धार केला. मग कळलं, पट्टी ठणठणीत होती. मी जोडलेली केबल नुसती चार्जिंगची, तिच्यातून माहिती जातच नव्हती. केबल बदलल्याबरोबर पट्टीवरचा कणभर दिवा लुकलुकायला लागला. मी आनंदानं ओरडले. अण्णांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून हाताला धरून आणलं.

"एवढंच?" ते म्हणाले.

"अण्णा, मी सांगितलं म्हणून पेटतोय तो!"

"बटण दाबलं की आपला बल्ब पण पेटतो."

पुढच्या रविवारी फाटकावर बटण आणि अण्णांच्या खुर्चीसमोर मोठा लाल दिवा बसला. एकदाही चुकला नाही. इतक्या कमी पैशांत इतकी इमानदारी मी आमच्या ऑफिसातही पाहिलेली नाही. शेजारच्या काकू, भावकीतली मंडळी, वर्गणीवाले, सगळे हौसेनं बटण दाबू लागले.

महिन्याभरानं गेले, तर बटण दाबून दाबून माझं बोट दुखलं. खिडकीतून अण्णा निवांत पेपर वाचताना दिसत होते. शेवटी मागल्या दारानं आत शिरले. दिव्याची पिन काढून ठेवलेली.

"बिघडला का?" मी मोठ्यानं विचारलं.

"न्हाय गो, बेस चालतो. म्हणून तर काढला. कुणी आलंय ते कळतं, मग उठायला लागतं. आधी लोक हाका मारून जायचे, बरं चाललं होतं."

"आणि मी आले तर?"

अण्णा जरा विचारात पडले. मग रविवारपुरती पिन लावायची असं ठरलं आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.