बाटलीवरचा आकडा

सिगारेट एकट्याने सोडली तर त्याची एकच गोष्ट होते. चौघांनी मिळून सोडायला घेतली की गोष्टी वाढतच जातात, कारण रोज कोणीतरी सोडत असतो आणि त्याच दिवशी दुसरं कोणीतरी परत पेटवत असतं! आमच्याकडे तर एवढा साठा झालाय की पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणी "एक सांग ना" म्हटलं, की कुठून सुरू करावं तेच कळत नाही.

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला आमच्या ऑफिसच्या मागे, दारापासून मोजून पंचवीस फुटांवर, पार्किंग लॉटच्या कडेला एक बाक आहे. ओढायची तर तिथेच. त्या बाकावरचे आम्ही चौघं मराठी. नागपूरचा नितीन, मुंबईची केतकी, पुण्याचा मी आणि देशमुख काका. काका ऐंशीच्या दशकात आलेले, मूळचे केमिकल इंजिनिअर, नंतर सॉफ्टवेअरमध्ये शिरले, आणि पासष्टी झाली तरी रिटायर व्हायचं नाव नाही.

एका जानेवारीत काकांना खोकल्याची अशी उबळ आली की त्यांना बाक धरून उभं राहावं लागलं. केतकीने हातातली सिगारेट विझवली.

"आपण सगळेच सोडू या यार. आधी व्हेपवर जाऊ, मग हळूहळू तेही बंद करू."

आम्ही सगळे लगेच हो म्हणालो. व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, लिक्विडच्या बाटलीवर निकोटिनचा एक आकडा छापलेला असतो आणि तो नीट समजून घ्यावा लागतो, हे तेव्हा एकालाही माहीत नव्हतं!

* * *

पहिला बळी नितीन. कॉलेजपासून रोज एक पाकीट ओढणारा माणूस. त्याने ऑनलाइन वाचून ठरवलं की आपण हेवी स्मोकर, तेव्हा आपल्याला मोठंच मशीन पाहिजे आणि मोठाच आकडा पाहिजे. मुठीत जेमतेम मावणारं, ढगासारखी वाफ सोडणारं मशीन त्याने घेतलं आणि त्यात पन्नास आकड्याचं लिक्विड भरलं.

बाकावर बसून त्याने सिगारेटसारखे चार लांब झुरके मारले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पाचव्या झुरक्याला त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कपाळावर घाम. फेब्रुवारीतली थंडी, आणि हा जॅकेट काढतोय!

"यार, बिल्डिंग फिरतेय," एवढं म्हणून तो बाकावर आडवा झाला.

मला वाटलं हार्ट अटॅक. काकांनी गाडी काढली, आम्ही त्याला मागच्या सीटवर घातलं आणि अर्जंट केअर क्लिनिक गाठलं. वाटेत तो दोनदा उलटीला थांबला. एकदा माझा हात घट्ट धरून म्हणाला, "पल्लवीला सांगू नकोस." पल्लवी म्हणजे त्याची बायको. खरं सांगतो, मी तेव्हा फार घाबरलो होतो.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, मशीन हातात घेऊन पाहिलं, बाटली पाहिली. हार्टला काही झालं नव्हतं. निकोटिन जास्त झालं होतं, एवढंच. पन्नासचं लिक्विड छोट्या, पेनाएवढ्या व्हेपसाठी असतं, त्यात वाफ थोडीशीच येते. ढगवाल्या मशीनला तीन पुरे!

तासाभरात नितीनच्या गालांवर रंग आला. मला हसू आवरेना, ते सुटकेचंच हसू होतं. तो उठून बसला आणि म्हणाला, "आतापर्यंत मला एका सिगारेटने कधी चक्कर आली नाही. सोडायला गेलो, तर डायरेक्ट ॲडमिट व्हायची वेळ!"

* * *

नितीनची हालत बघून केतकीने धसका घेतला. ती पेनाएवढं छोटं व्हेप घेऊन आली आणि त्यात भरलं तीन.

"सगळ्यात कमी! मी रिस्क घेणार नाही."

आठवडाभर केतकीच्या तोंडातून ते व्हेप निघालंच नाही. मीटिंगच्या आधी, मीटिंगच्या नंतर, गाडीत, जिन्यात. तरी तिची चिडचिड वाढतच गेली. सकाळच्या कॉलवर तिने मॅनेजरला ऐकवलं, "तुम्ही हाच प्रश्न काल विचारला होता, परवाही विचारला होता, आणि उत्तर बदललेलं नाही!" तो बिचारा फक्त "हाऊ आर यू" म्हणाला होता.

शुक्रवारी मी तिला बाकामागे सिगारेट ओढताना पकडलं. तिचे डोळे भरून आले.

"मंदार, माझ्याने नाही होणार. माझ्यात विल पॉवरच नाही."

मी तिला घेऊन आयसेलिनला गेलो. ओक ट्री रोडवर एक साड्यांचं दुकान आणि एक दागिन्यांचं दुकान, त्यांच्या मधोमध टोनीचं व्हेपचं दुकान आहे. टोनी म्हणजे साठीचा, पांढऱ्या दाढीचा, स्वतः तीस वर्षं सिगारेट ओढून सोडलेला माणूस. त्याने तिला एकच विचारलं, सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने?

"ब्रश करायच्या आधी," केतकी खाली बघत म्हणाली.

टोनीने तीनची बाटली बाजूला सारली आणि अठराची पुढे ठेवली. छोट्या मशीनमध्ये तीन म्हणजे तिच्यासाठी नुसतं पाणी. शरीराला पाहिजे ते मिळतच नाही, म्हणून ती दिवसभर ओढतेय आणि वर सिगारेटही. आधी पुरेसं घ्यायचं, सिगारेट पूर्ण बंद करायची, मग आकडा उतरवायचा, अगदी निकोटिन नसलेल्या शून्याच्या बाटलीपर्यंत.

"म्हणजे माझ्यात काही प्रॉब्लेम नाही?" केतकीने विचारलं.

"आकडा चुकला होता, बाई," मी म्हणालो.

सोमवारच्या कॉलवर ती शांत होती. कॉल संपल्यावर मॅनेजरने मला खासगीत मेसेज केला : "तिला जे काही दिलंय, ते बंद करू नका!"

* * *

काकाही टोनीकडच्या अठरावर छान स्थिरावले होते. मग ते मुलीकडे पेनसिल्व्हेनियाला गेले, बाटली घरी विसरले आणि वाटेतल्या पेट्रोल पंपावरून तयार भरलेल्या व्हेपचं एक पाकीट घेऊन आले. परत आल्यावर छाती पुढे काढून म्हणाले, "अठरावरून एकदम पाच! शिका जरा."

आम्ही खरंच इम्प्रेस झालो.

पण काकांचं काहीतरी बिनसलं. झोप उडाली. बोलण्याचा स्पीड दुप्पट झाला. छातीत धडधडतं म्हणायला लागले. आणि घरी त्यांनी गॅरेज आवरायला काढलं, जे गेली बावीस वर्षं काकू सांगत होत्या. सगळे स्क्रू मापाप्रमाणे बरण्यांमध्ये, बरण्यांवर लेबलं, लेबलं अल्फाबेटिकल!

काकू रिटायर्ड पॅथॉलॉजिस्ट. दोन आठवडे त्यांनी हे पाहिलं आणि एक दिवस चष्मा लावून ते पाकीट वाचलं.

"अहो, हे पाच नाही. पाच टक्के आहे."

"मग? दोन टक्के फॅटचं दूध पितोच की आपण."

"पाच टक्के म्हणजे मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम. तुम्ही अठराचे पाच नाही केले, अठराचे पन्नास केलेत!"

मूळचा केमिकल इंजिनिअर, द्रावणांची गणितं केलेला माणूस मटकन खाली बसला. त्याच संध्याकाळी ते अठरावर परत आले, दोन दिवसांत धडधड थांबली, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

काकूंनी मात्र पाकीट कचऱ्यात टाकताना एक क्षण हात थांबवला म्हणे.

"बेसमेंट राहिलंच की हो!"

* * *

माझी गोष्ट साधी आहे. मी सहापर्यंत उतरलो होतो आणि वडिलांना भेटायला पुण्याला जायचं होतं. भारतात व्हेपवर बंदी, न्यायचा प्रश्नच नाही. आणि पुण्यात मित्र भेटले की तीन आठवड्यांत मी परत सिगारेटवर येणार, याची मला खात्री होती. इथल्या डॉक्टरांनी निकोटिनचे पॅच दिले. त्यांच्यावरही आकडे! एकवीस, चौदा, सात. मला चौदाचे मिळाले.

चौथ्या दिवशी बाबांनी बाहीखालून डोकावणारा पॅच पाहिला. मी सिगारेट ओढतो हे वीस वर्षं त्यांच्यापासून लपवलेलं. आता खोटं बोलायचा कंटाळा आला, म्हणून सगळं सांगून टाकलं. पॅच, आकडे, पायऱ्या, सगळं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चौदानंतर?"

"सात."

"सातनंतर?"

"काही नाही."

"हं," बाबा म्हणाले. "वीस वर्षं तू इथे असताना बाथरूममधून बाहेर आलास की मी खिडकी उघडतोय. एवढी एक खिडकी उघडायची सुटली तर बरंच."

* * *

ही पुढची गोष्ट नितीन स्वतः सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

शनिवारची सकाळ. नितीनने किचनच्या ओट्यावर व्हेप भरलं आणि फोन आला म्हणून बाटलीचं झाकण नुसतं टेकवून तो बाल्कनीत गेला. परत आला तेव्हा त्याची चार वर्षांची इरा स्टुलावर उभी होती. बाटली आडवी, हात चिकट.

पल्लवीने तिला उचलून सिंकपाशी नेलं. नितीनने पॉयझन कंट्रोलला, म्हणजे विषबाधेच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज अगदी शांत होता. मुलीचं वजन किती? किती सांडलंय? बाटलीवरचा आकडा वाचून दाखवा.

नितीन बाटली उलटसुलट फिरवत राहिला, त्याला आकडा सापडेना. पल्लवीने बाटली हिसकावून घेतली आणि वाचला.

"तीन."

बाईंनी हॉस्पिटलला जायला सांगितलं. मी पोचलो तेव्हा नितीन भिंतीला टेकून उभा होता. "मंदार, इथे पन्नासची बाटली असती तर?" तो हेच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

काही तास इराला नजरेखाली ठेवलं. उलटी नाही, सुस्ती नाही, नाडी व्यवस्थित. बहुतेक तिने फक्त बोट चाटलं होतं. शेवटी डॉक्टर हसल्या, तिला पॉप्सिकल दिलं आणि विचारलं, ते लिक्विड कसं लागलं गं तुला?

इराने थोडा विचार केला.

"इट टेस्टेड लाइक बाबा."

नितीनने त्या दिवसानंतर व्हेप हातात धरलेलं नाही.

* * *

आता काकांची शेवटची.

काका अठरावरून बारा, बारावरून सहा, सहावरून तीनवर आले आणि तिथेच अडकले. तेवढ्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. सर्जनने बजावलं, ऑपरेशनआधी सहा आठवडे निकोटिन शून्य. रक्ताची टेस्ट करणार, पॉझिटिव्ह आली तर ऑपरेशन कॅन्सल. गुडघा एवढा दुखायचा की काकांना बाकापर्यंत चालवत नव्हतं, तरी तीनचं शून्य काही होईना. व्हेप भरायचं ते बारीक भोक त्यांना दिसत नसे, म्हणून भरून द्यायचं काम काकूंकडे. काकू रोज भरून द्यायच्या आणि काही बोलायच्या नाहीत.

रिपोर्ट घ्यायला मी त्या दोघांना ड्राइव्ह करून नेलं. काका गाडीत काठीची मूठ चोळत बसले होते.

"मंदार, आज कॅन्सल होणार. चूक माझीच आहे. सकाळीसुद्धा ओढलंय मी."

नर्स हसत आली. रिपोर्ट निगेटिव्ह, सगळं ओके, तारीख पक्की!

काका काठी टेकत उभे राहिले. त्यांनी तिला इंग्रजीत सांगितलं की हा रिपोर्ट माझा असूच शकत नाही. मी एक वर्षभर रोज व्हेप ओढतोय. तुमच्या लॅबमध्ये सँपल बदललंय आणि दुसऱ्या कोणत्या तरी बिचाऱ्याचं ऑपरेशन माझ्यामुळे कॅन्सल होईल. प्लीज, आत्ता लॅबला फोन करा!

नर्स गोंधळली. तिने खरंच फोन उचलला.

काकूंनी पर्सची चेन लावली.

"अहो, बसा खाली. सँपल बदललेलं नाही."

"मग?"

"बाटली बदललेली आहे."

काका हळूच खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून," काकू म्हणाल्या.