खिडकीशेजारी धावताना

शेंदूरजनाघाटहून माझी अमरावतीची एसटी सुटली, तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून सोबत धावले. गावाकडच्यांनो, तो तमाशा तुम्ही पाहिलाय: एका हातात धोतर, तोंडानं सूचनांचा मारा. जोवर ते बसच्या वेगानं धावत होते, तोवर त्यांचा चेहरा खिडकीत अगदी स्थिर होता. मग तो मागं सरकला, आणि मी शिकत शिकत थेट जर्मनीपर्यंत आलो.

इथं मी आयन थंड करतो. आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू. एका मोठ्या, कड्यासारख्या गोल नळीत ते भन्नाट वेगानं फिरतात, कुणी किंचित पुढं, कुणी मागं. त्यांच्या वेगांतली ही तफावत म्हणजेच उष्णता. समोरून नेमक्या रंगाचा लेसर सोडला की तो फक्त घाई करणाऱ्यांना लागतो आणि जरा मागं रेटतो. होता होता सगळे एका चालीनं पळू लागतात. तेव्हाच कुठं ते नेमक्या कोणत्या रंगाचा प्रकाश शोषतात, हे नीट वाचता येतं.

यंदा बाबा आले होते. आई गेल्यावर त्यांनी इथंच राहावं म्हणून मी काय नाटकं केली! ज्वारीचं पीठ शोधलं, घरात हीटर इतका चढवला की पाहुणे घामाघूम. एकदा कंट्रोल रूममध्ये नेलं. पडद्यावर त्यांच्या वेगांच्या आलेखाची टेकडी बारीक होत सुईसारखी झाली, आयन थंड झाले.

"थंडे झाले म्हंजे थांबले काय?" बाबांनी विचारलं.

नाही, म्हटलं, पळतातच, पण बरोबरीनं.

त्यांनी पडद्यावरच्या सुईकडे बोट केलं. "आता मायी चाल येगळी हाय, तुयी येगळी." मग सांगून टाकलं, की बहारासाठी, म्हणजे झाडं फुलावीत म्हणून, संत्र्यांचं पाणी तोडलंय, ते सोडायला जायलाच पाहिजे.

निघायच्या दिवशी माझी शिफ्ट. म्हणजे ते एकटेच, कानानं अधू, वाटेत विमान बदलायचं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शिफ्टआधी त्यांना विमानतळाच्या बसमध्ये बसवलं. बस सुटली आणि हा पोट सुटलेला शास्त्रज्ञ काचेवर हात ठेवून धावू लागला. ड्रायव्हरला वाटलं, प्रवासी चुकला. त्यानं बस थांबवून दार उघडलं. आतले सगळे प्रवासी शिस्तीत घड्याळं पाहू लागले.

"ये ना मंग," आतून बाबा म्हणाले. "कावून धावून राह्यला?"

मी चढलो. शिफ्टवरच्या सहकारिणीला फोन केला, आयन सांभाळ.

घर कुठं, असं तुम्ही विचारता. विमानतळ येईपर्यंत ते त्या बसमध्ये होतं.