धाकटीच्या समोरचं स्टूल

आमची धाकटी, म्हणजे माझ्या दिराची बायको, चार वर्षं या घरात जेवली. पण एकही जेवण तिचं नव्हतं. सासूबाई स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल ओढून तिच्या समोर बसायच्या. ताटात काय पडायचं ते त्या ठरवणार आणि किती घास उरले तेही त्याच बघणार. शेवटी गरम दुधात कालवलेली एक काळपट भुकटी, कुण्या ओळखीच्या बाईनं दिलेली. "बीज धरतं यानं. मुकाट्यानं गिळ." धाकटी गिळायची. मला दोन मुली आहेत, त्यामुळे माझ्या ताटात कुणी डोकावत नसे.

ती एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्री करते. चादरीची घडी घातली की काठाला काठ भिडतो, असा हात. सासूबाईंच्या मते तिथल्या वाफेनंच सगळा घोटाळा केला होता. "उकडून काढलीत हिनं सगळी बीजं," असं म्हणून वर हसायच्या. त्यांचा धाकटा लेक खिडकीशी बसून सिगारेटी फुंकायचा, मोबाइल बघत पहाटेपर्यंत जागायचा. पण तो पडला पुरुष. त्याला बोलायची काय बिशाद कुणाची!

सासरे नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा सगळे नातेवाईक जेवायला होते. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला, मावशींना, कमी ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "धाकटीचं काही आहे की नाही?"

"हिच्यातच खोट आहे," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"खोट! हिच्यात खोट आहे! आता दुसरी बघायची!"

भरल्या खोलीत सगळ्यांचे हात थांबले. धाकटी पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिनं उरलेले पेले भरले, एक थेंब सांडला नाही. मग मोरीत भांडी विसळताना मला म्हणाली, "ताई, हे मी त्यांना परत करणार. ह्याच खोलीत, ह्याच माणसांपुढे, व्याजासकट." मी म्हटलं, राग आहे, निवेल. मला ती अजून पुरती कळली नव्हती.

लॉन्ड्री सोड असं डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्यावं म्हणून सासूबाईच तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. गाडी चालवायला भावोजी, सोबतीला मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाफेचा काही संबंध नाही. बाईची बीजं जन्मापासून तिच्यापाशी असतात, खाऊनपिऊन वाढत नाहीत. आहेत ती नीट राहावीत म्हणून पालेभाज्या, डाळी, फळं खा. वेळेवर झोप, थोडं चालणं आणि मी देते ती गोळी. ती भुकटी आधी फेकून द्या, तिच्यात काय आहे देव जाणे. आणि घरात सिगारेट कोण ओढतं? त्या धुरानं हिच्या बीजांचंही नुकसान होतं."

सासूबाईंना एकदम खोकल्याची उबळ आली.

तपासण्या दोघांच्याही झाल्या. धाकटीचं सगळं ठीक निघालं. उणं होतं ते भावोजींचं बीज. सिगारेट बंद, दारू बंद, जागरण बंद; तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं त्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं स्टूल ओढलं आणि नवऱ्यासमोर बसली.

"अहो, दोन घास राहिलेत."

"नको मला ही पालेभाजी."

"मुकाट्यानं गिळा."

इतक्या गोड आवाजात म्हणाली की माझ्या अंगावर काटा आला. आनंदानं आला, खोटं कशाला बोलू! घरात दोन स्वयंपाक होणार नाहीत असं तिनं जाहीर केलं, त्यामुळे सासूबाईंची क्रीमची बिस्किटंही गेली. इतकी वर्षं लॉन्ड्रीत काढलेली बाई, पण भावोजींची पँट धुताना खिसा तपासायचा राहून जायचा आणि सिगारेटच्या पाकिटाचा लगदा निघायचा. "विसरलेच हो," म्हणायची. दहाच्या ठोक्याला मोबाइल तिच्या उशीखाली जायचा. सासूबाई धुसफुसायच्या, पण बोलणार काय? डॉक्टरकडे त्यांनीच नेलं होतं ना!

तीन महिन्यांनी भावोजींची तपासणी चांगली आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता वेळ घालवू नका." सासूबाई पाळण्याचं लाकूड कुठलं घ्यायचं इथपर्यंत पोचल्या. आणि त्याच दिवशी धाकटीनं आपली उशी उचलून माझ्या मुलींच्या खोलीत नेली.

मी तिला झापलं. "अगं, आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतेस? वय काय फक्त त्यांचं वाढतं?"

"ताई, मूल त्यांच्यापेक्षा मला जास्त हवंय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण ज्या घरात माझ्या नावानं खोट पुकारली, तिथं ती पुसल्याशिवाय नाही. आईंना सांगा, सगळ्यांना जेवायला बोलवा. मावशींना आधी."

सासूबाई आठवडाभर फणफणल्या. मग नातवंडाच्या आशेपुढे हरल्या.

तीच खोली, तीच माणसं. धाकटीनं स्टूल आणून मावशींच्या शेजारी ठेवलं. "बसा आई." सासूबाई बसल्या. भावोजींनी ताटात मान घातली. सासूबाई पुटपुटल्या, "हिच्यात खोट नव्हती. आमच्याच मुलाचं कमी होतं."

"काय?" मावशी म्हणाल्या.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वाढत होते, मी वाढतच राहिले.

"मोठ्यानं, आई," धाकटी जग घेऊन उभी होती. "त्या दिवशी बोललात ना, तेवढ्या मोठ्यानं."

सासूबाई ओरडल्या. खोट नव्हती हिच्यात, आमच्या मुलाचं कमी होतं! आवाज फाटला, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

मावशींनी शांतपणे घास घेतला. "कळलं गं. मला पहिल्या खेपेलाच ऐकू आलं होतं."

धाकटीनं जग खाली ठेवला आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं. हवं ते घेतलं, नको ते टाकलं. मग मुलींच्या खोलीतून आपली उशी उचलून परत स्वतःच्या खोलीत नेली.