शेवटच्या मालातली बाटली

हे गेले त्या दिवशी आमच्या जालन्यातल्या मस्तगडच्या घरात सगळ्यांत मोठ्यानं रडला तो पुण्याचा अनिकेत. जुन्या बाटल्या जमवणारा पोरगा, ना नात्याचा ना गोत्याचा. दीड महिना होत आला, पण त्या रडण्याचा मला अजून हेवा वाटतो...

लग्न होऊन जालन्यात आले तेव्हा हे गावाबाहेरच्या व्हिस्कीच्या कारखान्यात होते. कुठल्या पिंपातला माल कशात किती मिसळायचा, ते वासावर ठरवायचे. स्वतःचं पिणं जवळजवळ नव्हतंच. पण त्या नाकापायी घरात उदबत्ती बंद, माझ्या केसात मोगरा बंद. पहिल्या उन्हाळ्यात गजरा माळून दारात उभी राहिले, तर म्हणाले, "काढून ठेव गं. उद्या मला बराबर वास येणार न्हाई." गजरा तुळशीला घातला आणि त्या कारखान्याशी माझं वाकडं आलं ते कायमचंच.

पुढे मालकांनी कारखाना बंद केला. तांब्याची मोठाली भांडी कापून भंगारात गेली. हे कितीतरी दिवस धड जेवले नाहीत. मला वाटलं, आता तरी हा माणूस माझा. कसचं काय! मंग बाटल्यांचं वेड सुरू झालं. त्या कारखान्याची बाटली कुणाकडे आहे असं कळलं, की हसनाबाद म्हणू नका, परतूर म्हणू नका, हे निघालेच. अनिकेतसारखी पोरं लांबून यायची आणि घरात दोन शब्द न बोलणारा माणूस त्यांच्यापुढे तासन् तास खुलायचा. मी चहा घेऊन बाहेर आले, की गप्प. एकदा न राहवून विचारलं, "अहो, माझ्याशी बोलायला काही उरलंच न्हाई का?"

"तुला त्यातलं काय कळणार?" हे हसून म्हणाले. मनात काही नव्हतं त्यांच्या. तरी लागलं.

परवा अनिकेत आला. सगळ्या बाटल्या त्याला देऊन टाकल्या, एक सोडून. शेवटच्या मालातली, सील न तोडलेली.

"काकू, ती उघडू नका. अशी दुसरी कुठंच राहिली नाही."

मी त्याच्यादेखत झाकण पिरगाळलं. स्टीलच्या पेल्यात घोटभर ओतली, हुंगली, प्याले. घसा जळला, बस. जिनं माझा नवरा जन्मभर धरून ठेवला, ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

अनिकेतचे डोळे भरून आले होते. त्याच्यापुढेही पेला सरकवला. म्हटलं, "बस. हिच्यात काय काय असतं म्हणून ह्यांनी तुला सांगितलं, ते मला सांग."

तो सांगत गेला... गुळाची काकवी, भिजलेलं लाकूड, उन्हात तापलेलं गवत. काही शब्द तर हुबेहूब ह्यांच्याच लकबीत. आम्ही बैठकीत दिवेलागणीपर्यंत बसून होतो. तो थांबला, की मीच म्हणायचे, "मंग? पुढं काय म्हणाले?"