खालच्या टाकीतली रिकामी जागा

या लेखात मी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायला निघालो होतो: वीज गेल्यावर तीन फूट लांबीच्या समुद्री मत्स्यटाकीतून तिच्या खालच्या टाकीत नेमके किती लिटर पाणी उतरते? माझे उत्तर पाच लिटर होते. आमच्या दिवाणखान्याने दिलेले उत्तर वेगळे होते.

कमलनगरला समुद्र नाही. (जवळचा समुद्र कोणता, यावर आमच्या घरात दोन मते आहेत.) तरीही आमच्याकडे एक समुद्र आला, तो हैदराबादहून टेम्पोने. आमची कन्या वर्षा तिथे नोकरी करते. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवले, तेव्हा तिने आपली समुद्री टाकी माझ्या हवाली केली. टाकीत ढब्बू आणि शेवंती नावाचे दोन नारिंगी-पांढरे मासे, मिश्या फेंदारून बसणारी एक कोळंबी आणि दगडांवर वाढणारे जिवंत प्रवाळ असा संसार होता. निघताना ती म्हणाली, "बाबा, मासे धीट आहेत, ते जगतील. त्या सगळ्यात वरच्या दगडावरचं हिरवं प्रवाळ तेवढं जपा. अंगठ्याएवढं आणलं होतं, तीन वर्षांत ओंजळभर झालंय."

मी शब्द दिला. एकतीस वर्षे गणित आणि विज्ञान शिकवलेल्या माणसाचा तो शब्द होता. त्याचे वजन किती भरले, ते पुढे येईलच.

उन्हाळा लागला तशी टाकीतील पाण्याची पातळी रोज उतरू लागली. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, म्हणून उरलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते. मी रोज नोंद ठेवून वर्षाला आकडे कळवत असे. तिने फोनवर उपाय सांगितला, "बाबा, खाली कपाटात दुसरी टाकी बसवा. तिला संप म्हणतात. एकूण पाणी वाढलं की बदल हळू होतात."

रचना सोपी आहे. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक उभा कप्पा असतो. पातळी वाढली की जादा पाणी कप्प्याच्या काठावरून आत सांडते आणि पाइपाने खालच्या टाकीत उतरते. खाली बसवलेला पंप ते दुसऱ्या पाइपाने पुन्हा वर चढवतो. पंप थांबला तर काठाच्या वरचे पाणी तेवढे खाली येते आणि थांबते. त्या पाण्यासाठी खालच्या टाकीत जागा रिकामी ठेवावी लागते. वाचकांनी ही रिकामी जागा कृपया लक्षात ठेवावी.

आता अक्का. अक्का माझी थोरली बहीण. खटकचिंचोळीचे तिचे घर मुलाने नव्याने बांधायला काढल्यामुळे ती आमच्याकडे राहायला आली होती. आमच्या गल्लीत नळाला पाचव्या दिवशी पाणी येते, तेही केव्हा येईल ते नळालाच ठाऊक. या शिस्तीत आयुष्य गेल्यामुळे अक्काला दोन सवयी जडल्या आहेत. पाणी पडल्याचा आवाज आला की ती उठते. रिकामे भांडे दिसले की ती भरते.

मल्लप्पा नावाच्या आमच्या प्लंबरने दोन्ही पाइप जोडून पंप सुरू केला. वर पाइपाच्या तोंडातून पाणी टाकीत खळखळ पडू लागले. लगेच आतून हाक आली.

"सुमन! नळ आला गं! घागरी काढ!"

सुमन, म्हणजे माझी पत्नी, खरोखरच दोन घागरी घेऊन अंगणात धावली आणि तशीच परत आली. "अक्का, नळ न्हाई, हे माशाचं पाणी."

"मग ते कामून असं पडायलंय? जिवाला घोर लागतंय की!"

दिवसभरात अक्का अकरा वेळा उठली. (मी मोजले.) संध्याकाळपर्यंत तिचे गुडघे आणि माझा संयम दोन्ही दुखू लागले. मी मल्लप्पाला परत बोलावले आणि सांगितले, "पाइपाचे तोंड दहा सेंटिमीटर पाण्यात बुडव. आवाज बंद."

मल्लप्पा डोके खाजवत उभा राहिला. "सर, बुडवू नका. मोटार बंद झाली की पाणी उलटं जातंय. गच्चीवरच्या टाकीलाबी आम्ही पाइप वरच ठिवतो बघा. न्हाईतर सगळं परत बोअरला जायलंय."

"मल्लप्पा, ही गच्चीवरची टाकी नव्हे. इथे पाणी या काठाच्या खाली जाऊच शकत नाही. का जाऊ शकत नाही?"

"तुम्हीच सांगा सर." (तो माझाच विद्यार्थी. सातवीच्या वर्गातही हेच म्हणत असे.)

मी सांगितले. पंधरा मिनिटे सांगितले. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "व्हय सर. पण पाण्याच्या वर पाइपाला बारीक एक भोक तरी पाडू का? मोटार थांबली की तिथून हवा घेतंय."

"नव्या पाइपाला भोक? आणि त्यातून पाणी गळत राहील, ते?"

"थोडं गळंल, पण टाकीतच पडंल की."

"आणि अक्का उठेल!"

मल्लप्पाने पाइप बुडवला, हत्यारे गोळा केली आणि निघून गेला.

मग मी हिशोब मांडला. टाकी नव्वद सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की चार लिटर पाणी. काठाच्या वर पाणी एक सेंटिमीटर. चार लिटर ते आणि पाइपातले एक, एकूण पाच. खालच्या टाकीत मी साडेबारा लिटरची जागा मोकळी सोडली, म्हणजे गरजेच्या दुपटीहून अधिक! काचेवर निळ्या पेनाने ठळक रेष ओढली. तिच्यावर पाणी असता कामा नये.

कागदावरचे उत्तर प्रयोगाने पडताळावे, हे मी मुलांना शिकवत आलो. मी पंपाचे बटण बंद केले आणि घड्याळ धरले. एका मिनिटात खालचे पाणी तीन सेंटिमीटर चढले. खालच्या टाकीच्या मापाने हे पाच लिटर आणि वर थोडे. उत्तर जुळले! मी बटण चालू केले, वहीत बरोबरची खूण केली आणि जेवायला बसलो.

त्यानंतरचा रविवार पाण्याचा दिवस होता. सकाळी नळ आला. सुमन आणि अक्का यांनी हंडे, घागरी, पातेली, बादल्या, कुकर, पाहुण्यांसाठी ठेवलेले तांबे, सगळे भरले. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. सगळी भांडी संपल्यावरही नळ चालूच होता आणि अक्काच्या हातातली बादली भरलेली होती. ती घरभर हिंडली. मत्स्यटाकीचे कपाट तिने उघडले.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला फक्त तिचे समाधानाचे वाक्य ऐकू आले, "आता घरात एक भांडं रिकामं न्हाई बघ!"

दुपारी दोन वाजता वीज गेली. आमच्याकडे ती जातच असते. मी पान उलटले. चार-पाच मिनिटांनी सुमनचा आवाज आला. तो आवाज वाढलेला नव्हता, हीच काळजीची गोष्ट होती.

"अहो, दिवाणखान्यात पायाला पाणी लागायलंय."

मी धावलो. कपाटाच्या दारांखालून पाण्याचा पातळ पडदा शिस्तीत बाहेर येत होता. फरशीवरून तो सतरंजीकडे वळला होता. मी आधी मेन स्विच बंद केला. (खाऱ्या पाण्याजवळ विजेचा बोर्ड असेल तर हेच आधी करावे. वीज न विचारता परत येते.) मग दार उघडले. खालची टाकी काठोकाठ भरून चारही बाजूंनी सांडत होती.

"यात पाणी कोणी घातलं?"

"मी," अक्का अभिमानाने म्हणाली. "अर्धी रिकामी होती ती. बादलीभर घातलं."

"अगं, मी रेष ओढली होती ना!"

"म्हणूनच तर! म्हटलं, हितपर्यंत खाली गेलंय म्हणून माधवानं खूण केली आसंल."

मी वाद थांबवला, कारण वर पाहिले. टाकीतली पातळी उतरत होती. काठाच्या खाली! जिथे पाणी जाऊच शकत नाही, असे मी पंधरा मिनिटे समजावले होते तिथे! हिरव्या प्रवाळाची टोके पाण्याबाहेर आली होती आणि ओल्या कापडासारखी एकमेकांवर लोळली होती.

मी बादलीतला प्लास्टिकचा मग उचलला आणि खालचे पाणी उपसून वर ओतू लागलो. मी जितके वर ओतत होतो तितके ते खाली येत होते.

"माधवा, काय करायलास तू?"

"पाणी वाचवायलोय!"

"तेच पाणी फिरवायलास की रे गोल गोल!"

एवढे बोलून अक्काने कामाला सुरुवात केली. पाणी सांडताना नुसते बघत बसणे तिच्या रक्तात नाही. तिने सकाळी भरलेल्या भांड्यांतली दोन पातेली, एक बादली आणि तांब्याची मोठी घागर अंगणात रिकामी केली (त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे दुःख होते, ते मी कधी विसरणार नाही) आणि एकेक भांडे काठाखाली धरून सांडणारे खारे पाणी त्यात घ्यायला लागली. सुमन भरलेली भांडी उचलत होती. मी गोल गोल फिरत होतो.

आणि मग तो आवाज आला. वरच्या टाकीत पाइपाचे तोंड उघडे पडले आणि त्याने हवा ओढली. गुर्रर्र.

पाणी थांबले. मीही थांबलो.

तो आवाज मी एकतीस वर्षे वर्गात मुलांना ऐकवला होता. टेबलावर एक बादली, जमिनीवर दुसरी, मध्ये रबरी नळी. नळी पाण्याने भरलेली असली की वरच्या बादलीतले पाणी नळीच्या तोंडापर्यंत उतरत राहते, आणि तोंड उघडे पडले की गुर्रर्र. वक्रनलिका, म्हणजेच सायफन. परीक्षेत दर वर्षी पाच गुणांना. खाली जायला पाण्याला दोन रस्ते होते, मी एकच मोजला होता. दुसऱ्या रस्त्याचे तोंड मी स्वतः हुकूम देऊन पाण्यात बुडवले होते.

मात्र विचाराला वेळ नव्हता. नवे समुद्री पाणी करायला एक दिवस लागतो, आणि प्रवाळ हवेत होते. हाताशी होते ते खालच्या टाकीतले आणि अक्काच्या भांड्यांतले. सुमनने पातेली दिली, मी ओतली. बादली दिली, ओतली. तिने घागर उचलली.

"ती नको!" मी ओरडलो. "तांबं! तांब्यानं कोळंबी मरते, प्रवाळही मरतं!"

"आपुन रोज पितो की त्यातलं," अक्का म्हणाली.

"आपण कोळंबी नव्हे, अक्का!"

सुमनने घागर स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. उरलेल्या पाण्याने पातळी वर आली आणि प्रवाळाची टोके बुडाली. पण ते मिटलेलेच राहिले. मुठीएवढे, तपकिरी, रुसलेले.

चार वाजता वर्षाचा नेहमीचा फोन आला. फोन अक्काने घेतला आणि तो माझ्या हातात येईपर्यंत सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

"बाबा," वर्षा एवढेच म्हणाली, "वर जाणाऱ्या पाइपला हवेचं भोक ठेवलं होतं ना?"

"मल्लप्पाला बोलावलंय," मी म्हणालो.

मल्लप्पा आला. त्याने हत्यारे काढली. पाण्याच्या वर, टाकीच्या आत, पाइपाला बारीक भोक पाडले आणि हात पुसले. सुमनने त्याला चहा दिला. त्याने घोट घेतला, कपाकडे पाहिले, दुसरा घोट घेतला आणि कप संपवला.

"कसा झालाय?" सुमनने विचारले.

"चांगला आहे बाई. मीठ थोडं सढळ हातानं पडायलंय."

घागर तिच्या नेहमीच्या जागी ठेवली होती. सुमननेही नेहमीच्या सवयीने तिच्यातूनच पाणी घेतले होते.

संध्याकाळी मी हिशोब पुन्हा मांडला, कारण सगळा दोष अक्कावर ढकलण्याची माझी इच्छा होती. पाइपाचे तोंड दहा सेंटिमीटर खाली, म्हणून चाळीस लिटर, पाइपातले एक, एकूण एक्केचाळीस. अक्काने भरलेली जागा साडेबारा लिटरची. ती रिकामी असती तरीही साडेअठ्ठावीस लिटर पाणी सांडलेच असते. अक्काच्या वाट्याला साडेबारा, माझ्या वाट्याला साडेअठ्ठावीस. मी दोनदा ताळा केला. उत्तर बदलले नाही.

आणि पडताळणी? ती मी केलीच होती. पाणी मिनिटभरात तीन सेंटिमीटर चढले. तेव्हा ते चढत होते, थांबले नव्हते. उत्तर मनासारखे दिसताच मी बटण दाबून वही मिटली. अशा मुलांना मी बाकावर उभे करत असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिरवे प्रवाळ पुन्हा ओंजळीएवढे फुलले. मी वर्षाला फोटो पाठवला. त्यानंतर मी बटण बंद केले, खुर्ची घेतली आणि पाणी पूर्ण स्थिर होईपर्यंत समोर बसलो. भोकातून हवा शिरली. पाच लिटर उतरले आणि थांबले. माझे पहिले उत्तर बरोबर होते, फक्त ते मल्लप्पाच्या पाइपाचे होते, माझ्या नव्हे. भोकातून बारीक धार टाकीत पडत असते, त्यामुळे अक्का दिवसातून चार वेळा उठते. तिला मी आता काही म्हणत नाही.

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. आपल्या घरच्या टाकीचे बटण एकदा स्वतः बंद करावे आणि पाणी थांबेपर्यंत जागचे हलू नये, एवढी विनंती आहे. मी हललो होतो.