राहूच्या विहिरीतलं शिसं

आकड्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. राहूच्या बौद्धवस्तीतल्या विहिरीच्या पाण्यात शिसं निघालं, तेव्हा तर मुळीच बसला नाही.

सत्तरच्या दशकात मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत होते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतून आलेलं पाणी आटवायचं, आम्लात घ्यायचं, त्यात शिशाचा ओळखीचा समस्थानिक मोजून घालायचा आणि ते द्रावण मुंबईला मास स्पेक्ट्रोमीटरवर पाठवायचं, हे माझं काम. ते यंत्र अणू वजनाप्रमाणे वेगळे करतं. शिशाचा लवलेश असला तरी सापडतो. तो आला कुठून, हे मात्र यंत्र सांगत नाही.

शिरूरकडच्या केंदूर गावचं पाणी स्वच्छ होतं. राहूतल्याच सरपंचांच्या विहिरीचंही. सोबत पाठवलेली नुसत्या शुद्ध पाण्याची बाटलीही स्वच्छ निघाली, म्हणजे दोष आमच्या आम्लाचा नव्हता. मग शेजारशेजारच्या विहिरींत एवढा फरक कसा? कुणी काही टाकलं तर नसेल? नमुने तालुक्याच्या माणसानं आणले होते. या वेळी मी स्वतः गेले.

सरपंच वाटच पाहत होते. "बाई, कशाला तरास घेतला? मशीननं सांगितलंय न्हवं? हीर बुजवून टाकू."

ही घाई मला आवडली नाही. ती विहीर बुजली, तर वस्तीला भर उन्हाळ्यात पाण्यासाठी यांच्याच दारात उभं राहावं लागणार होतं.

वस्तीत माझ्याकडेही कुणी सरळ बघेना. "ह्या बी त्यांच्यातल्याच," मागून कुणीतरी म्हणालं. एका मावशींनी मात्र पाण्यानं भरलेलं पितळी पातेलं पुढं केलं. आतून ते नुसतं चकाकत होतं.

"कल्हई कधीची, मावशी?"

"परवाची. तपासनीचं पानी कळकट भांड्यात द्यायचं व्हय? मागल्या बारीला बी ताजी कल्हई लावूनच दिलं. सकाळी गर्दी असती, म्हनून सांजंलाच भरून ठिवलं व्हतं."

"आणि सरपंचांचं पाणी?"

"त्यांचं काय, इंजिनाच्या पायपाला बाटली लावली."

कल्हईच्या कथलात स्वस्तातलं शिसं मिसळणारे असतात, हे मला ठाऊक होतं. एक बाटली मी पातेल्यातून भरली. दुसरी दोरीला बांधून थेट विहिरीत सोडली.

"आता आमच्या भांड्यावर आळ घेता का?" मावशी तडकल्या.

"निघालं तर घेणार."

निघालं. शिसं पातेल्यातल्या पाण्यात होतं, विहिरीत नव्हतं. तो कागद टपालानं पाठवायला माझं मन धजेना. स्वतःच घेऊन गेले. सरपंचांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"मशीन तीच का?"

"तीच."

"मंग मागल्या बारीला कशी चुकली?"

"मागच्या वेळीही बरोबरच होती. पाणी पातेल्यातलं होतं. विहीर बुजवायचं आता कारण नाही."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. आतून पितळी पातेल्यात उकळलेला चहा आला.

"तुमच्याकडे कल्हई कोण लावतं?" मी विचारलं.

"त्योच की. समद्या गावाला एकच हाय."

बोलता बोलता त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. मीही माझा कप उचलला नव्हता.